कथेसाठी जमवलेला पसारा एआयच्या हाती देण्याआधी

माझ्या कादंबरीत एक दीपगृह आहे. साल १९००च्या आसपासचं, एकाकी बेटावरचं, तीन रखवालदारांचं. त्यासाठी मी दोन वर्षं मिळेल ते वाचलं, कापून ठेवलं, फोटो काढले आणि शेवटी सगळं एका एआय साधनाच्या वहीत ओतलं. वही म्हणजे आपण दिलेल्या फायलींवरून प्रश्नांची उत्तरं देणारी जागा. एका संध्याकाळी त्या वहीला विचारलं, "समुद्र खवळलेला असताना रसदीच्या बोटीला 'आज किनाऱ्याला लागू नका' हे रखवालदार कसं कळवत?" उत्तर झटकन आलं: उतरण्याच्या खडकावर काळं कापड पसरून. शेवटी संदर्भाचा आकडाही होता. मी खूश झालो. ते अकराव्या प्रकरणात घातलं आणि दोन मित्रांना रंगवून सांगितलंही. आठवड्याभराने सहज त्या आकड्यावर टिचकी मारली, तर उघडलं माझंच तिसरं प्रकरण. काळं कापड मीच कधीतरी मनाने रचलं होतं आणि साफ विसरलो होतो.

यात यंत्राचं काही चुकलं नाही. मी दिलेल्या ढिगातून त्याने शोधून दिलं आणि कुठून दिलं तेही सांगितलं. खरं आणि रचलेलं एकाच पोत्यात भरणारा मी. त्यानंतर सगळी मांडणी मोडून नव्याने लावली. पुढे सांगतोय ती त्या दुसऱ्या मांडणीची पद्धत. पहिल्यांदाच कथा-कादंबरीसाठी साहित्य जमवणाऱ्याला ती सरळ उचलता येईल.

१. विषय नको, प्रश्न लिहा

नवखा माणूस 'दीपगृहांचा इतिहास' नावाचं फोल्डर उघडतो आणि दिसेल ते त्यात टाकत सुटतो. तीन महिन्यांनी त्यात दोनशे फायली असतात आणि एकही दृश्य लिहून झालेलं नसतं. गोष्टीला लागतो तपशील, आणि तोही नेमक्या जागी. म्हणून आधी एक कागद घ्या, डोक्यात असलेली आठ-दहा दृश्यं प्रत्येकी दोन ओळींत लिहा आणि प्रत्येकाखाली ते लिहिताना कुठे अडाल ते प्रश्न मांडा.

एक उदाहरण. त्या काळच्या काही मोठ्या दीपगृहांत भिंग इतकं जड असे की ते पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवत. मग ते थोड्या जोरानेही फिरे. फिरवण्याचं काम घड्याळासारखं यंत्र करी. मनोऱ्याच्या पोटात लोंबणारं वजन हळूहळू खाली उतरे, त्यावर यंत्र चाले, आणि वजन तळाला टेकायच्या आत रखवालदाराने चावी फिरवून ते पुन्हा वर घ्यायचं. एवढं कुठल्याही माहितीपर लेखात मिळतं. माझ्या दृश्याचे प्रश्न वेगळे होते. चावी दिल्यावर किती वेळ निभावे? पहाटे डोळा लागला आणि वजन तळाला टेकलं तर कशाने कळे? भिंग थांबलं तर समुद्रावरच्या जहाजाला काय दिसे? चावी देताना आवाज किती होई, खाली झोपलेला जागा होईल इतका?

या पायरीवर एआयचा एकच उपयोग करा. दृश्याचा सारांश द्या आणि सांगा:

"हे दृश्य खरं वाटावं यासाठी मला काय काय माहीत असायला हवं? फक्त प्रश्न दे. उत्तर एकही देऊ नकोस."

शेवटचं वाक्य विसरू नका. उत्तरं मागितली की ती मिळतात, सुबक असतात आणि मनात घर करतात. पुढे अस्सल कागद हाती आला तरी आधी ऐकलेलं पुसायला जड जातं. वीसेक प्रश्नांतले पाच तरी तुम्हाला सुचलेले नसतील. तेवढे उचला, बाकीचे सोडा.

२. चार कप्पे

संगणकावर कादंबरीच्या नावाचं एक फोल्डर, त्यात चार.

'मूळ' या कप्प्यात जसंच्या तसं मिळालेलं: पीडीएफ, फोटो, ध्वनिफिती, वेबपानांच्या जतन केलेल्या प्रती. यातल्या फायलींना हात लावायचा नाही. रंगवायचंही नाही, कापायचंही नाही. 'टिपणं' या कप्प्यात मुळातून तुम्ही काढलेल्या नोंदी. 'रचलेलं' यात तुमच्या मनातून आलेलं सगळं: पात्रांची माहिती, बेटाचा नकाशा, तिथली म्हणून तुम्हीच बनवलेली रीत, काळं कापड. आणि 'खर्डे' यात प्रकरणं.

पहिले दोन एका एआय वहीत जातात, पुढचे दोन दुसऱ्या. या दोन वह्या कधीही एक करायच्या नाहीत. लेखातली एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. 'पण मला कथेबद्दल आणि काळाबद्दल एकदम विचारायचंय' असं वाटेल. तेव्हा दोन वेळा विचारा.

फायलीच्या नावात आधी साल, मग कुठून, मग काय: '१९०१-चौकशी अहवाल-पश्चिमेचा धक्का'. साल म्हणजे तो कागद जन्मला ते साल, तुम्हाला मिळाला ते नव्हे. याचं कारण सहाव्या पायरीत येईल. वेबपान असेल तर नुसता दुवा ठेवू नका, पान पीडीएफ करून ठेवा. दुवे मरतात. मेलेल्या दुव्याची जुनी प्रत कधी कधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडते, पण त्या भरवशावर बसू नका. पुस्तकं आणि लेख बरेच असतील तर झोटेरो वापरून बघा. २००६ पासून चालत आलेलं हे मोफत साधन संशोधकांसाठी बनलंय, पण लेखक, साल, पान असा तपशील सांभाळण्याचं काम ते कादंबरीकारासाठीही तेवढंच चोख करतं.

३. एक टिपण, एक गोष्ट

या पायरीला सगळे कंटाळतात. पीडीएफ सरळ यंत्राला देऊन 'सारांश काढ' म्हणणं सोपं असतं. पण सारांशात नेमकं तेच गळतं जे आपल्याला हवं असतं. अहवालाच्या सारांशात 'साहित्याचं नुकसान झालं' असं येतं. मुळात मात्र कोणती पेटी, किती उंचीवर, दोऱ्या कशा विखुरल्या हे असतं. म्हणून कामाच्या ओळी स्वतः वाचून टिपा. दिवसाला पाच टिपणं झाली तरी पुष्कळ.

माझं एक टिपण असं दिसतं (फ्लॅनन बेटं स्कॉटलंडजवळची; १९०० मध्ये तिथल्या दीपगृहाचे रखवालदार नाहीसे झाले, ती गोष्ट सहाव्या पायरीत येईल):

काय: स्वयंपाकघरातली भांडी स्वच्छ होती, म्हणजे जेवण उरकल्यावर माणसं बाहेर पडली असावीत.
कुठून: बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या रखवालदाराचं पत्र, फ्लॅनन बेटं
कधीचं: २८ डिसेंबर १९००
भरवसा: पाहिलेलं
कुठे लागेल: प्रकरण ५, रिकामं घर

'भरवसा' या ओळीत चारच शब्द चालतात. 'पाहिलेलं' म्हणजे सांगणारा तिथे होता. 'छापलेलं' म्हणजे नंतरच्या कुणी अभ्यासून लिहिलंय. 'सांगोवांगी' म्हणजे कुठून आलं ते धड कळत नाही किंवा दुसऱ्या कुणी रचलेलं आहे. 'माझं' म्हणजे माझं. सुरुवातीला मी सात पायऱ्यांची उतरंड केली होती. ती पंधरा दिवसांत कोलमडली, कारण प्रत्येक टिपणापाशी मी विचार करत बसायचो.

टिपणं साध्या मजकुराच्या फायलींत ठेवा. आज वापरताय ते साधन उद्या बंद पडलं किंवा महागलं तरी साधा मजकूर कुठेही उघडतो. ऑब्सिडियन हे ॲप अशाच फायली तुमच्या संगणकावर ठेवतं आणि त्यांना एकमेकींशी जोडू देतं. मी तेच वापरतो, पण एका फोल्डरात पन्नास साध्या फायली असल्या तरी काम भागतं.

४. फोटो, जुने कागद, ध्वनिफिती

जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की त्यातला मजकूर ओळखून देणारी साधनं आता फोनमध्येच असतात. गूगल लेन्स देवनागरी वाचतं, संगणकावर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठीही वाचतं, आणि चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांना फोटो दिला तरी ती मजकूर उतरवून देतात. या दोन जातींच्या चुका मात्र निराळ्या. साधी ओळख-साधनं 'ख'चं 'रव' करतात, 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत घोळ घालतात. चूक बघताच दिसते. एआय मॉडेल मात्र न वाचता आलेला शब्द वाक्यात शोभेल अशा दुसऱ्या शब्दाने भरून काढतं. वाक्य गुळगुळीत होतं आणि चूक दिसेनाशी होते. म्हणून मॉडेलला सांगा: "जे वाचता येत नाही तिथे [अस्पष्ट] असं लिही, अंदाज करू नकोस." आणि आकडे, तारखा, नावं मूळ फोटोशी ताडून बघा. १ आणि ९ यांची अदलाबदल झाली तर साल कुठल्या कुठे जातं.

मुलाखतींचंही तसंच. व्हिस्परसारखी साधनं बोलणं मजकुरात उतरवतात, पण बोलणारा थबकतो, शांतता पडते, तिथे कधी कधी कुणी न बोललेलं वाक्य उमटतं. कादंबरीसाठी तर ती शांतताच मोलाची. माणूस कुठल्या प्रश्नावर थांबला हे टिपणात लिहून ठेवा. ते कुठलंही यंत्र तुमच्यासाठी लिहिणार नाही. शिवाय बोलणाऱ्याला ध्वनिमुद्रणाबद्दल सांगाच, आणि ते एआय साधनाला देणार असाल तर तेही विचारा.

५. कुठलं साधन?

नावं दर काही महिन्यांनी बदलतात, जाती बदलत नाहीत. जाती दोनच लक्षात ठेवा.

एक, तुम्ही दिलेल्या साहित्यावरून उत्तर देणारी वही. गूगलचं नोटबुकएलएम या बेताने बनलंय: फायली द्या, प्रश्न विचारा, उत्तरातल्या प्रत्येक विधानापाशी आकडा येतो, आकड्यावर टिचकी मारली की मूळ उतारा उघडतो. दुसरी जात म्हणजे सर्वसाधारण संवाद-साधनं: चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी. यांतही 'प्रोजेक्ट' किंवा तशाच कप्प्यात फायली ठेवता येतात, पण फायलींत उत्तर नसेल तर ती स्वतःच्या आठवणीतून भर घालण्याची शक्यता जास्त. आणि ही आठवण म्हणजे संदर्भ नव्हे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड झाला. कादंबरीकाराला दंड होणार नाही, पण जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवेल.

माझी विभागणी अशी: शोधायला पहिली जात, विचारमंथनाला दुसरी.

ही साधनं आतून कशी चालतात ते थोडं कळलं तर निम्मी निराशा टळते. साहित्य मोठं असलं की बरीचशी साधनं दर प्रश्नाला सगळं वाचत नाहीत. मजकुराचे तुकडे करून ठेवलेले असतात; तुमच्या प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे उचलायचे आणि तेवढ्यांवरून उत्तर रचायचं, अशी रीत. त्यामुळे 'चावी किती वेळाने देत?' याला चांगलं उत्तर मिळतं, पण 'माझ्या सगळ्या टिपणांत धुकं किती वेळा आलंय?' याला मिळत नाही. मोजणी साध्या शोधानेच करा. ज्या साधनांत सगळा मजकूर एकदम जातो तिथेही मर्यादा असते, आणि मॉडेल मजकूर ज्या बारीक शब्दांशांत मोडून वाचतं ते देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त पडत असल्याने ती लवकर भरते. फार लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलच्या नजरेतून निसटू शकते, हे २०२३ मध्येच संशोधकांनी तपासून दाखवलं होतं. नवी मॉडेलं सुधारली आहेत, तरी चारशे पानांचं एकच बाड देण्यापेक्षा वीस-वीस पानांच्या नीट नाव दिलेल्या फायली बऱ्या. उलट टिपणं बारीक असल्याने फायलींची संख्या मर्यादेबाहेर जाईल; मग एका प्रकरणाची टिपणं एका फायलीत जोडा. पण प्रत्येक टिपणाची 'कुठून' ओळ त्याच्यासोबत राहायला हवी.

वही तयार झाली की कामाला लागण्याआधी तिची परीक्षा घ्या. उत्तर साहित्यात नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे असे तीन प्रश्न विचारा. मी विचारलं होतं, "रखवालदारांच्या कुत्र्याचं नाव काय होतं?" माझ्या साहित्यात कुत्राच नव्हता. एका साधनाने 'उल्लेख नाही' असं सांगितलं. दुसऱ्याने कुत्र्याला नाव दिलं. त्या दुसऱ्याला मी शोधाच्या कामातून काढून टाकलं.

६. विचारायचं कसं

आता ते कागदाच्या जन्मसालाचं. फ्लॅनन बेटांची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजच्या पलीकडे ही बेटं आहेत. त्यांतल्या आयलन मोर बेटावरचं दीपगृह डिसेंबर १८९९ मध्ये उजळलं आणि जेमतेम वर्षभराने, डिसेंबर १९०० मध्ये, तिथले तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. २६ डिसेंबरला हेस्परस हे जहाज पोहोचलं तेव्हा बेटावर कुणीही नव्हतं. गोष्ट सांगणारा पुढे हमखास तीन तपशील घालतो: टेबलावर तसंच पडलेलं जेवण, उलटलेली खुर्ची, आणि नोंदवहीतल्या थरकाप उडवणाऱ्या नोंदी, ज्यांत वादळाला भिऊन धट्टाकट्टा माणूस रडत होता म्हणे.

यावरचे पाच-सहा मजकूर मी वहीत टाकले आणि विचारलं, "बेटावर उतरलेल्यांना घरात काय दिसलं?" उत्तर आलं की भांडी स्वच्छ होती, मात्र जेवण अर्धवट टाकलेलं आणि एक खुर्ची उलटलेली होती. नीट वाचा. भांडी घासून ठेवलेली आणि जेवण तसंच, दोन्ही एकाच वाक्यात, 'मात्र'ने शिवलेलं. दोन साक्षीदारांचं जुळत नसलं की हे यंत्र भांडण लावत नाही, समेट घडवून आणतं. कादंबरीकाराला समेट नको असतो.

मग दुसऱ्यांदा असं विचारलं:

"फक्त दिलेल्या साहित्यातून सांग. घरातल्या स्थितीबद्दल प्रत्येक मजकूर काय म्हणतो ते वेगवेगळं मांड. प्रत्येकापुढे तो कधी लिहिला गेला, लिहिणारा स्वतः तिथे होता का, आणि मुळातलं वाक्य जसंच्या तसं दे. दोन मजकुरांचा मेळ घालू नकोस. ज्याबद्दल काही नाही तिथे 'सापडलं नाही' लिही."

तक्ता समोर आला आणि धुकं विरलं. स्वच्छ भांडी: बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या माणसाचं पत्र, १९००. उलटलेली खुर्ची आणि न शिवलेलं जेवण: एका इंग्रजी कवितेतलं, १९१२. रडण्याच्या नोंदी: घटनेनंतर कित्येक वर्षांनी पसरलेल्या, अभ्यासकांनी बनावट ठरवलेल्या. खऱ्या नोंदी १३ डिसेंबरपर्यंतच्या होत्या आणि १५ तारखेच्या सकाळपर्यंतच्या पाटीवर लिहिलेल्या होत्या. चौकशी अहवालात मिळतं ते याहून साधं आहे आणि मला तरी जास्त भिववतं: पश्चिमेच्या धक्क्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ११० फूट उंचीवर ठेवलेली पेटी लाटांनी फोडलेली, दोऱ्या विखुरलेल्या, आणि तिघांपैकी एकाचा पावसाळी पोशाख घरातच. त्या हवेत तो माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी तसाच का धावला असेल?

कविता आणि बनावट नोंदी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. 'सांगोवांगी' असा शिक्का मारून ठेवा. १९३० साली घडणाऱ्या गोष्टीतलं पात्र ती खुर्ची खरी मानेल आणि तसं मानणंच त्या पात्राला शोभेल. १९०१ सालच्या पात्राला मात्र ती ठाऊक असणं शक्य नाही. इथे 'कधीचं' ही ओळ कामी येते. इतिहासकार विचारतो, हे खरं आहे का. आपल्याला आणखी एक विचारायचं असतं: हे तेव्हा कुणाच्या कानावर गेलं होतं? पाऱ्याच्या वाफा घातक हे आपल्याला आज चटकन सुचतं. दीपगृहातल्या पाऱ्याजवळ उभ्या असलेल्या पात्राच्या तोंडी ते घालण्याआधी त्या काळचा, त्या कामातला एखादा कागद शोधा.

रोजच्या वापरातले आणखी दोन प्रश्न देतो. दर आठवड्याला: "या साहित्यात परस्परविरोधी काय आहे?" आणि प्रकरण लिहायला घेण्याआधी: "या दृश्यासाठीच्या प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नांना 'पाहिलेलं' शिक्क्याचं एकही टिपण नाही?" दुसऱ्याच्या उत्तरातून पुढच्या वाचनाची यादी आयती मिळते.

आणि आकड्यावर टिचकी मारा. प्रत्येक वेळी नाही जमत, मलाही नाही जमत. पण जे पानावर जाणार आहे त्यासाठी तरी. संदर्भ आहे म्हणजे त्या संदर्भात तसंच लिहिलंय, असं नसतं.

७. तारखा, वयं, वार

एक कालपट करा: डावीकडे जगात घडलेलं, उजवीकडे कथेत घडणारं. पात्रांची वयं त्यातच. टिपणांवरून कालपटाचा पहिला खर्डा एआय झकास करून देतं, कारण हे निवड करून रांगेत लावण्याचं काम आहे. पण 'त्या दिवशी वार कोणता?', 'चंद्र किती होता?' असे प्रश्न गप्पांमध्ये विचारू नका; त्यासाठी पंचांग किंवा खगोलीय गणिताची साधनं आहेत. १५ डिसेंबर १९०० हा शनिवार, हे मी कॅलेंडरवर मोजून घेतलं.

एक्सेल वापरणाऱ्यांना एक खड्डा दाखवून ठेवतो. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. जुन्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेताना आलेली ही चूक आजही तशीच आहे. त्यामुळे १ मार्च १९०० आधीचे वार एक दिवसाने चुकतात, आणि १९०० पूर्वीची तारीख ते तारीख म्हणून ओळखतच नाही. माझं एक प्रकरण फेब्रुवारी १९०० मधलं. रविवारची प्रार्थना सोमवारी होता होता राहिली.

८. सांभाळायच्या गोष्टी

खर्डा कुठल्याही साधनाला देण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये 'माझा मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरा' अशा अर्थाचा पर्याय शोधा आणि नको असेल तर बंद करा. मुलाखत देणाऱ्यांची खरी नावं काढून टाका. 'म१', 'म२' पुरतं. आजच्या लेखकाचं अख्खं पुस्तक स्कॅन करून चढवणं टाळा, हवी ती पानं वाचून टिपण करा. सगळ्याची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा, कारण एआय वही म्हणजे कपाट नव्हे.

स्पर्धेला किंवा प्रकाशकाला पाठवणार असाल तर एआयबद्दलचा त्यांचा नियम वाचा. ॲमेझॉनचं केडीपी (स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायची सेवा) सप्टेंबर २०२३ पासून विचारतं की मजकूर एआयने तयार केला आहे का. तुम्ही स्वतः लिहून नुसती मदत घेतली असेल तर ते तिथे वेगळं धरलं जातं. इतरत्र वेगळे नियम असू शकतात. कुठल्या प्रकरणासाठी काय मदत घेतली याची दोन ओळींची नोंद जाता जाता ठेवली तर नंतर आठवत बसावं लागत नाही.

९. लिहायला बसताना

सगळं बंद करा. वहीही, टिपणंही. दृश्याची टिपणं आदल्या रात्री एकदा वाचा आणि सकाळी ती समोर न ठेवता लिहा. जे आठवतं ते बहुधा दृश्याला लागणारं असतं. न आठवलेल्या तपशिलापाशी थांबू नका, तिथे [तपास] असं लिहा आणि पुढे चला. खर्डा संपला की [तपास] शोधून काढा आणि तेवढ्यासाठी वही उघडा. माझ्या पाचव्या प्रकरणात असे चौदा निघाले. नऊ जागी तपशिलाची गरजच नव्हती, वाक्य तसंच धावत होतं. चार टिपणांत सापडले. एकासाठी पुन्हा वाचनालय गाठावं लागलं.

दृश्य लिहिताना नवं काही सुचलं, एखादी रीत, एखादा शब्द, तर त्याच दिवशी त्याचं टिपण करून 'रचलेलं' कप्प्यात टाका. याला आळस केला की काय होतं ते सुरुवातीला सांगितलंच. ते काळं कापड मी कादंबरीतून काढलं नाही. खडकावर पसरलेलं, चार दगडांनी दाबलेलं, ओलं झाल्यावर आणखीच काळं दिसणारं ते मला आवडतं. फक्त आता त्याचं टिपण आहे.

काय: बोटीने लागू नये म्हणून खडकावर काळं कापड.
कुठून: मी
कधीचं: गेल्या वर्षीचा पावसाळा, बहुतेक
भरवसा: माझं
कुठे लागेल: प्रकरण ३ आणि ११